पुसलं का, बाई?

माझी पहिली जप्ती त्या ठाण्यातले जुने लोक अजून हसून सांगतात. ठाणं कुठलं ते विचारू नका. माणसं चांगली होती आणि चूक त्यांच्याइतकीच माझीही होती. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. शहरात तीन-चार इंटरनेट कॅफे निघाले होते. त्यातल्या एकात शाळकरी पोरांना प्लायवूडच्या खोपटात बसवून नको ते दाखवतात, अशी तक्रार एका आईनं आमच्या संस्थेकडं आणली. मी जमादारांना घेऊन गेले. जमादारांनी जन्मभर चोरीचे बैल, हातभट्टीचे कॅन आणि कोयते जप्त केलेले. संगणकाची वेळ पहिलीच. त्यांनी समोर दिसणारा मॉनिटर उचलला, सुतळीनं करकचून बांधला, लाखेचं सील मारलं आणि पंचांच्या सह्या घेतल्या. टेबलाखाली पायाशी ठेवलेला डबा, ज्याच्या पोटात सगळं साठवलेलं असतं, तो तिथंच राहिला. मालकानं दुपारी त्याला दुसरा मॉनिटर जोडला आणि धंदा चालू केला.

"मॅडम, सगळी घाण याच्यातच दिसून राहिली व्हती की," जमादार मला समजावत होते. "म्या सोताच्या डोळ्यानं पाहिली."

त्यांचं म्हणणं मला बराबर वाटलं, कारण मलाही तेवढंच कळत होतं. तपासणीला गेलेला मॉनिटर "यात काही आढळून येत नाही" अशा शेऱ्यासह परत आला. मी कपाळाला हात लावला आणि नांदेडला जाऊन तीन महिन्यांचा संगणकाचा कोर्स लावला. वर्गात सगळी बारावी झालेली पोरं आणि त्यात चाळिशीला टेकलेली मी. शिकवणारा सर मला काकू म्हणायचा. पण पुढं कुठल्याही ठाण्यात गेले की "खालचा डबा घ्या" हे मी इतक्या वेळा सांगितलं, की मागून लोक मला डब्यावाल्या मॅडम म्हणायला लागले. मला त्याचा राग यायचा नाही. खरं सांगायचं तर आवडायचं.

हे आमचं काम नक्की काय होतं, ते बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड जातं. नव्वद सालानंतर मी संस्थेत आले तेव्हा आम्ही वीटभट्टीवरची लेकरं शाळेत घालायचो, ऊसतोडीला आईबापामागं गेलेल्या पोरींची नावं पटावर टिकवायचो. त्या कामाला गावात मान होता. सरपंच चहा पाजायचे. मग आधी व्हिडिओ सेंटर आली, मग एसटीडी बूथ, मग कॅफे, मग मोबाइल. लेकरांना त्रास देणारा माणूस पूर्वी गावातला किंवा पाहुण्यातला असायचा, आता तो कुठं बसलाय तेच कळेना. कुणी पोरीचा स्नेहसंमेलनातला फोटो घेऊन त्याखाली भलतंसलतं लिहून फिरवायचा. कुणी आठवीतल्या पोराशी मैत्रीण बनून गप्पा मारायचा आणि मग धमकी द्यायचा. माझं काम म्हणजे त्या लेकराचं ऐकून घ्यायचं, त्याला ठाण्यात एकटं जाऊ द्यायचं नाही, आईबापांनी त्याला बदडू नये म्हणून मधे उभं राहायचं, आणि जे पसरलंय ते जमेल तेवढं पुसून घ्यायचं. संस्थेत आम्ही आधी तिघं होतो. एकाला शिक्षकाची नोकरी लागली, एकीचं लग्न झालं. खतं-बियाण्यांच्या दुकानावरच्या त्या खोलीत शेवटी मी एकटी राहिले.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. मी ज्या घरात पाय ठेवीन, त्या घरातल्या लेकराचं काहीतरी झालंय हे गल्लीला लगेच कळायचं. म्हणून मी एक युक्ती काढली. पिशवीत शिवणक्लासचे फॉर्म ठेवायचे. कुणी विचारलं तर शिवणक्लासची बाई. फॉर्ममध्ये नाव, गाव, शिक्षण आणि "शिवण का शिकायचे आहे?" असा एक रकाना. युक्ती इतकी चालली, की एका गावात चौदा पोरींनी फॉर्म भरून दिले आणि क्लास कवा चालू व्हतो म्हणून मागं लागल्या. मला स्वतःला बटण लावता येत नव्हतं. शेवटी हिंगोलीतल्या एका शिंपीकाकांच्या हातापाया पडून तिथं खरोखरच सहा महिने क्लास चालवावा लागला. त्यातल्या दोघी आज ब्लाउज शिवून घर चालवतात. माझ्या नोकरीतलं हेच एक काम असं, की ते चारचौघांत सांगता येतं.

बाकी सांगण्यासारखं काही नसायचंच. परभणीला भावाकडं गेले की वहिनी विचारायची, "ताई, तुम्ही दिवसभर करता तरी काय?" मी म्हणायची, शिवणक्लास. लग्नाच्या पंगतीत मी बसले की शेजारच्या बायका आपल्या पोरींना हळूच दुसरीकडं बसवायच्या. माझ्यामुळं वाईट व्हायचं नव्हतं, पण वाईट झाल्याशिवाय मी येत नाही, हे आता ओळखीचं झालं होतं. आई होती तोवर घरी गेल्यावर बोलायला माणूस होतं. तिला काही सांगता यायचं नाही, पण ती समोर बसून भाकरी तर वाढायची. आई गेली आणि मग मी जेवताना रेडिओ लावायला लागले.

या सगळ्यात एक पोरगी आहे, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. तिला इथं शेवंता म्हणते. नाव बदललंय, कारण तिचं खरं नाव एकदा माझ्यामुळं कागदावर आलं होतं.

शेवंता कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरची. नववीत होती, आश्रमशाळेत राहून शिकायची. आवाज खणखणीत. शाळेत प्रार्थना तीच सांगायची आणि होळीला तांड्यावर बाया लेंगी गायला जमल्या की पहिला सूर तिचाच, असं तिची आई सांगायची. मी तिच्या शाळेत मुलींशी बोलायला गेले होते. राँग नंबर आला तर काय करायचं, हे मी सांगत होते आणि मुली माना खाली घालून फिदीफिदी हसत होत्या. जाताना सवयीनं शिवणक्लासचे फॉर्म वाटले. घरी येऊन चाळले, तर एका फॉर्मवर "शिवण का शिकायचे आहे?" या रकान्यात लिहिलेलं होतं, "बाई मला एकटीला भेटा."

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी ती मला भेटली. ऊसतोडीचा मुकादम बोलावतो म्हणून बापानं मोबाइल घेतलेला. दिवाळीच्या सुट्टीत त्यावर एक राँग नंबर आला. बोलणारा माणूस गोड होता. पुन्हा आला, पुन्हा आला. गाणं म्हणून दाखव म्हणाला, हिनं लेंगीच्या चार ओळी म्हटल्या. तो मधे मधे नको ते विचारायचा, ही हसून विषय बदलायची. एक दिवस त्यानं तिला तिचाच आवाज ऐकवला. सगळं रेकॉर्ड केलं होतं. वारंगा फाट्याला एकटी ये, नाहीतर बाजारात लावीन, म्हणाला. ती गेली नाही. बापाचा फोनही पुन्हा हातात धरला नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग परवा उसाचं ट्रॅक्टर चाललं व्हतं शाळेवरून," ती म्हणाली. "मोठमोठे डबडे लावून गाणे लावतेत नं, तसं. एक गाणं सरलं आन् मधीच माहा आवाज आला. म्या हसून राहिली व्हती त्याच्यात. ट्रॅक्टर गेलं निघून. पोरींना कुणाला समजलं न्हाई. मलाच समजलं."

त्या काळात फाट्यावर मेमरी कार्ड भरून देणारी दुकानं निघाली होती. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले कार्ड द्यायचे आणि दुकानदार संगणकावरून त्यात चहाच्या भावात ढीगभर गाणी कोंबायचा. त्या गाण्यांत कुठं काय मिसळलंय ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. वारंगा फाट्याच्या एका दुकानात मला ते सापडलं. फाइलला नाव दिलेलं, तांड्याची पोरगी.

शेवंतानं मला एकच सांगितलं होतं. "पुसून टाका, बाई. कुणाला कळू नका देऊ. बापानं आयकलं तं दहावी न्हाई करू देनार."

आता इथं माझ्यासमोर दोन रस्ते होते. अशा वेळी आधी मी चार-पाचदा केलं होतं तसं, दुकानदाराला बाजूला घेऊन दटावायचं, माझ्यासमोर फाइल पुसून घ्यायची आणि गप्प घरी यायचं. दुसरा रस्ता कायद्याचा. मी कायद्याचा धरला. पुसलं तर तो आणखी कुठून भरून घेईल, मागचा माणूस मोकळा राहील, उद्या दुसऱ्या पोरीला गाठील, हे सगळं खरंच होतं. पण आज मागं वळून बघते तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मला माझं काम आता येत होतं. कुठलं कलम लावायचं, डबा कसा काढायचा, सील कुठं मारायचं, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं आणि ते करून दाखवायची मला हौस होती. मी शेवंताला म्हटलं, "तुझं नाव बाहेर जाणार नाही. मी आहे ना." तिनं मान डोलावली आणि तक्रारीवर सही केली.

पंचनामा म्हणजे काय ते सांगते. पोलिसांनी एखादी वस्तू जप्त करायची तर ती दोन त्रयस्थ माणसांसमोर करायची. त्यांनी सगळं डोळ्यांनी बघायचं, कानांनी ऐकायचं, लिहिलेलं वाचून दाखवलं की सह्या करायच्या. हे दोघे पंच. ते शक्यतो त्याच जागेवरचे घेतात, कारण दुसरीकडून आणणार कोण? फाट्यावर पोलिसांनी समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली आणि उभ्या असलेल्या काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरला बोलावलं. माझं सगळं लक्ष खालच्या डब्याकडं. वायर आधी कुठली काढायची, ते मी शिपायाला सांगत होते. फाइल ओळख पटवण्यासाठी वाजवली गेली. दुकानाच्या स्पीकरवर शेवंता हसली, गायली. हवालदार लिहीत होते. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. सदर आवाज हा अमुक तांड्यावरील अमुक यांची मुलगी अमुक, वय वर्षे पंधरा, हिचा असल्याचे. नाव, बापाचं नाव, तांडा. काही राहिलं नाही. पंचांनी सह्या केल्या. मी सीलवर हात फिरवून बघितला. काम अगदी चोख झालं होतं.

तो जीपवाला त्याच तांड्याच्या रस्त्यावर फेऱ्या मारायचा. मी त्याला ओळखत होते. त्याच्याच जीपमध्ये बसून मी दोनदा तांड्यावर गेले होते. समोर उभा असलेला माणूस कोण आहे, ते मी बघितलंच नाही. त्या दिवशीच्या शेवटच्या फेरीनं ती बातमी तांड्यावर पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्यावर गेले तेव्हा लिंबाखाली माणसं जमलेली होती. तांड्यावर काही झालं की नायकासमोर बैठक बसते. नायक म्हातारे, डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. शेवंताचा बाप एका बाजूला जमिनीकडं बघत बसलेला. शाळेतून तिला रात्रीच आणलं होतं. ती आईच्या पाठीमागं, डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळून.

बाप माझ्याकडं न बघताच बोलला. "बाई, ट्रॅक्टरवर वाजलं तवा कुणाला कळलं न्हाई. तुमी आल्या आन् कळलं. तुमाला कुणी सांगितलं व्हतं माह्या लेकराचं नाव लिवाया?"

मी कायदा सांगायला लागले. नायकांनी हात वर केला. 

"तुमच्या मनात वाईट न्हाई, ते दिसून राहिलं," नायक म्हणाले. "पर आता काय करावं ते सांगा. पोरगी शाळंत ठिवली तं लोक बोलतेत. घरी ठिवली तं बोलतेत. एक पाव्हना हाय उमरखेडाकडला, लगीन लावून मोकळं व्हा म्हनून राहिले समदे."

मी त्या दिवशी एवढंच केलं, की नायकांच्या पुढं जमिनीवर बसले आणि हात जोडले. कायद्याचं एक कलमही तोंडातून काढलं नाही. अठरा होईपर्यंत लग्न नको, एवढा शब्द द्या म्हटलं. बैठक खूप वेळ चालली. शेवटी नायकांनी काठी जमिनीवर टेकवली आणि शब्द दिला. बापानंही मान हलवली, पण शाळा नको म्हणाला. वसमतकडं मामाच्या शेतावर पाठवतो, हळदीच्या कामाला. मी शाळेचं पुन्हा एकदा बोलले. माझ्या बोलण्याला तिथं वजन उरलं नव्हतं. शेवंतानं त्या सगळ्या वेळात ओढणी सोडली नाही.

मामाकडं जाण्याआधी ती एकदा माझ्या कार्यालयात आली. तपासासाठी रेकॉर्डिंगचा लेखी उतारा लागत होता आणि लेंगी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, असल्यामुळं ठाण्यात कुणाला ती कळेना. डबा सील करण्याआधी काढून घेतलेली एक प्रत देऊन उताऱ्याचं काम माझ्याकडं सोपवलं होतं. कानाला हेडफोन लावून मी ते तुकड्या-तुकड्यानं ऐकत होते, थांबवत होते, मागं नेत होते, पुन्हा ऐकत होते. किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. चार ओळींचा अर्थ सांगायला मला गोरमाटी येणारं माणूस हवं होतं, आणि दुसऱ्या कुणाला ते ऐकवायचं नाही एवढी अक्कल मला आता आली होती. म्हणून तिलाच बोलावलं. बाप खाली दुकानाच्या पायरीवर बसला. ती माझ्यासमोर बसून एकेक ओळ हळू सांगत होती. भाऊ बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधतो, बहीण त्याला विचारते माझ्यासाठी काय आणलंस, असं काहीतरी होळीचं, थट्टेचं गाणं. सांगताना तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं. मी "काय म्हणालीस?" असं तीनतीनदा विचारलं, इतका तिचा आवाज खाली गेला होता.

उतारा झाला. ती उठली, दारापाशी थांबली.

"पुसलं का, बाई?"

"पुसलं," मी म्हणाले.

मला तेव्हा ते खोटं वाटलं नाही. डबा ठाण्यात सीलबंद होता, दुकानात ती फाइल उरली नव्हती, उताऱ्यासाठी दिलेली प्रत मी लगेच पुसणार होते आणि पुसलीही. मिटलं की. तिच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा थोडं हलकं झाल्यासारखं दिसलं, आणि मी ते मोडायला धजावले नाही.

त्यानंतर मला एक खोड लागली. एसटीत कुणी मोबाइलवर गाणी लावली की माझा जीव कानात यायचा. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे जी क्षणभर शांतता असते, तेवढ्यात मी श्वास धरून बसायची. शेजारची बाई विचारायची, "मळमळून राहिलं का?" मी हो म्हणायची. दुसरं काय सांगणार? फाट्यावरून किती कार्डं भरून गेली होती, ती कुठल्या ट्रकबरोबर कुठल्या राज्यात पोचली होती, कुणाला ठाऊक. माझ्या कानांनी ते पुन्हा कधी ऐकलं नाही. पण ही खोड पाच-सहा वर्षं, तसली कार्डं बाजारातून जाईपर्यंत, सुटली नाही.

खटल्याचं काय झालं ते सांगून टाकते. फोन करणारा माणूस सापडलाच नाही. सिमकार्ड भलत्याच एका म्हाताऱ्याच्या कागदांवर घेतलेलं निघालं. दुकानदारावर खटला चालला, तारखांवर तारखा पडल्या. पंच म्हणून हॉटेलवाला आणि जीपवाला साक्षीला आले आणि दोघांनीही सांगितलं, की आम्हाला काही आठवत नाही, कोऱ्या कागदावर सही केली. जे सगळ्या फाट्याला आणि तांड्याला तिखटमीठ लावून सांगितलं होतं, ते कोर्टात एकालाही आठवेना. मी मागच्या बाकावर बसले होते. हसू की रडू, कळेना. दुकानदार सुटला.

नायकांनी मात्र शब्द पाळला. शेवंताचं लग्न अठरा पुरी झाल्यावरच लागलं, वसमतकडच्याच एका कष्टाळू पोराशी. मला पत्रिका आली नव्हती आणि यायला नकोच होती.

निवृत्त झाल्यावर एकदा मी कोर्टात दुसऱ्याच कामासाठी गेले होते. मुद्देमालाची खोली उघडी होती. मुद्देमाल म्हणजे खटल्यातल्या जप्त वस्तू. कुऱ्हाडी, सायकली, फाटक्या गोण्या, आणि मधे एका फळीवर धुळीनं पांढरा झालेला एक डबा. सील माझ्या ओळखीचं होतं. चिठ्ठीवर नंबर होता. मी धूळ पुसून तो वाचला, आमच्याच खटल्याचा. निकालात लिहिलं होतं, अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा. मुदत संपून वर्षं लोटली होती आणि कुणी हात लावला नव्हता. म्हणजे फाट्यावरच्या दुकानातून मी जो आवाज काढला, तो मी स्वतःच सील मारून इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि तिला सांगितलं होतं, पुसलं.

मी अर्ज केला. चकरा मारल्या. त्या खोलीचा ताबा असलेले नाझरसाहेब वैतागले. "बाई, रिटायर झाल्या नं तुमी? काहून एवढी तकलीफ घेता? भंगार हाय ते."

"भंगारच असू द्या," मी म्हणाले, "पण माझ्यासमोर फोडा."

शेवटी ऑर्डर निघाली. कोर्टाच्या मागच्या अंगणात शिपायानं डबा उघडला. आतली तळहाताएवढी चकतीची पेटी कुठली ते मीच दाखवलं. त्यानं ती फरशीवर ठेवून हातोड्यानं फोडली. मी जवळ उभं राहून तुकडे मोजले नाहीत, पण एकही मोठा राहू दिला नाही. घरी येऊन उताऱ्याची माझ्याकडची कार्बनप्रत चुलीत घातली. रेडिओ न लावता जेवले.

दुसऱ्या दिवशी मी वसमतची गाडी पकडली. शेवंताच्या मामाकडं विचारत विचारत तिच्या शेतापर्यंत गेले. हळद काढणीचे दिवस. शिजवलेली हळद अंगणात पसरलेली, सगळ्या आवाराला तिचा वास. ती खाली बसून गड्डे वेगळे करत होती. हात पिवळे. तिनं मला लगेच ओळखलं. उठून पाया पडली आणि लगेच पदराचं टोक तोंडावर धरलं.

"बसा, बाई," ती म्हणाली. पुढं वाकून ऐकावं लागलं. आठ-नऊ वर्षांची एक पोरगी अंगणात उड्या मारत, मोठमोठ्यानं कविता म्हणत होती. ती तिची. शेवंता म्हणाली, "शाळंत जाती. लई बोलती. तिच्या बापाला आवडते." आणि मग तशीच खालच्या आवाजात, "मी न्हाई बोलत बाई जास्त. आता सवय न्हाई."

मी तिला सगळं सांगितलं. तेव्हा पुसलं म्हणाले ते खोटं होतं. डबा आजवर कोर्टात होता. काल माझ्या डोळ्यांसमोर फोडला. पंचनाम्याचंही सांगितलं, की जीपवाल्याला मी ओळखत होते आणि तरी मला कळलं नाही. हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. ती हळदीकडं बघत ऐकत होती. रागावेल असं मला वाटलं. मला तेही चाललं असतं.

"आता कुठंच न्हाई?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही."

"कागदावर लिवलं व्हतं ते?"

"जाळलं."

ती थोडा वेळ गड्डे निवडत राहिली. मग मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं.

"आन् तुमी? तुमी तं कानाला लावून आयकलं व्हतं लई येळा. तुमाला पाठ असंल."

पाठ आहे. चार ओळी, त्यातली तिसरी दोनदा, मग एक छोटा श्वास आणि हसणं. आई गेल्यापासून माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज म्हणाल तर तेवढाच असतो. भांडी घासताना येतो, कपडे वाळत घालताना येतो. फोनवरच्या त्या माणसाचे शब्द गाळून मी फक्त गाणंच ठेवलंय. पंधरा वर्षांची शेवंता जशी गायची, तशी आता फक्त माझ्याकडं आहे.

"नाही गं," मी म्हणाले. "वय झालं माझं. काही ध्यानात राहत नाही. कधीच विसरले."

तिनं माझा चेहरा नीट बघून घेतला. मग तोंडावरचा पदर सोडला, खांद्यावर टाकला, आणि अंगणाच्या पार टोकाला गेलेल्या पोरीला हाक मारली, बाईला पाणी आन म्हणून. हाक पलीकडच्या शेतापर्यंत गेली.